गायधनीबाईंचा दुसरा ब्रेक

गायधनीबाई मला कायम ‘तीन’ म्हणायच्या. ‘ए तीन, जरा या बरणीचं झाकण उघड.’ ‘तीन, तुझ्या गाडीच्या मागच्या चाकात हवा कमी आहे.’ माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण बाईंनी पस्तीस वर्षं नाशकात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं आणि त्यांच्या लेखी माणसाची खरी ओळख म्हणजे तो किती वेळा नापास झाला तो आकडा. मी तीन वेळा झालो. आमच्या बिल्डिंगमधले निकमकाका पाच वेळा, म्हणून ते ‘पाच’. निकमकाका मूळचे देवळ्याचे, कांद्याच्या व्यापारात आयुष्य काढलेले, पांढऱ्या मिशांचे भारदस्त गृहस्थ. पण पार्किंगमध्ये चारचौघांदेखत ‘अहो पाच!’ अशी हाक आली की खाली मान घालून ‘आलो बाई’ म्हणायचे.

परीक्षा बाईंची स्वतःची असायची. सरकारी परीक्षेला विद्यार्थी पाठवण्याआधी त्या एकदा शेजारी बसून त्याला बाहेर काढायच्या. इंदिरानगरच्या बोगद्यातून मुंबई नाका, तिथून द्वारका सर्कल आणि परत. गाडी बंद पडता कामा नये, हॉर्न तीनदापेक्षा जास्त वाजता कामा नये आणि बाईंना ब्रेक लावायची वेळ येता कामा नये. पहिल्या वेळी मी बोगद्यातच गाडी बंद पाडली. दुसऱ्या वेळी द्वारकेला एका रिक्षाला सभ्यपणे वाट दिली, तर पाठोपाठ अख्खं शहर माझ्या पुढून निघून गेलं आणि बाईंनी पर्समधून शेंगदाणे काढून खायला सुरुवात केली. तिसऱ्या वेळी त्यांनी ब्रेक लावला.

हा ब्रेक समजून घ्यायला हवा. बाईंच्या पांढऱ्या गाडीत डाव्या सीटच्या पायाशी आणखी एक ब्रेक होता, शिकवणाऱ्याचा. बाई चार फूट दहा इंच. सीटवर उशी घेऊन बसायच्या, हात मांडीवर, नजर समोर, आणि उजवा पाय त्या ब्रेकच्या वर तरंगत. दाबायच्या मात्र नाहीत. मी एकदा घाबरून म्हटलं, “बाई, आत्ता दाबायला हवा होता हो.” त्या म्हणाल्या, “मी दाबला तर गाडी मी चालवली. तू काय केलंस?” पण दाबला की मग दाबला. त्या तिसऱ्या वेळी माझं नाक स्टिअरिंगवर असं आपटलं की आठवडाभर चष्मा लावता येईना. माझं दुकान चष्म्याचं. गिऱ्हाइकांना काय सांगायचं हा प्रश्नच होता.

बाई जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायचं तर त्यांची शेवटची परीक्षा लिहायला हवी, कारण तिथे नापास होण्याची पाळी त्यांची होती आणि कॉपी आम्ही पुरवली होती.

स्कूल बंद करून दहाएक वर्षं झाली तरी बाईंचं शिकवणं सुटलं नव्हतं. तळमजल्यावर घर, खिडकी पार्किंगकडे. कुणाची गाडी सुरू झाली की आतून आवाज यायचा, “आरसा!” म्हणजे आधी आरशात बघ, मग हल. त्यांचं सगळं बोलणंच त्या भाषेतलं. कुणाचं लग्न घाईत ठरलं की “क्लच न दाबता गिअर टाकलाय.” सोसायटीची मीटिंग लांबली की “न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर देतायत सगळे.” यजमान तरुणपणीच गेलेले, मुलगा प्रसाद बंगळुरूला मोठ्या नोकरीत. बाईंना एकटेपणाविषयी विचारलं की म्हणायच्या, “गाडीत एकटं माणूस असलं की ॲव्हरेज चांगलं मिळतं.”

पडल्याही त्या शिकवतानाच. निकमकाका नवी गाडी मागे घेत होते आणि बाई खुंटासारख्या मागे उभ्या राहून सूचना देत होत्या. “येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे कापा,” करत स्वतःच मागे मागे सरकल्या आणि तुळशीच्या मोठ्या कुंडीवरून उलट्या पडल्या. निकमकाका उत्साहात किंवा भीतीत असले की त्यांची अहिराणी बाहेर पडते. ते गाडीतूनच ओरडले, “पडनी व माय, बाई पडनी!” आणि जमिनीवरून बाईंचा आवाज आला, “आधी हँडब्रेक लावा!”

मनगट मोडलं. त्याहून वाईट म्हणजे प्रसाद विमानाने आला. तो म्हणाला, आई, चल आता बंगळुरूला. बाई नाही म्हणाल्या. दोन दिवस हेच चाललं. शेवटी तडजोड निघाली. घरी येऊन वृद्धांची काळजी घेणारी एक एजन्सी प्रसादने शोधली. त्यांच्याकडे चार लेव्हल होत्या. पहिली म्हणजे आठवड्यातून दोनदा कुणी येऊन विचारपूस करणार, औषधं-भाजी आणून देणार. दुसरी म्हणजे रोज सकाळी आठपासून चार तास कामाला एक बाई, अंघोळीला आणि स्वयंपाकाला हाताशी. तिसरी म्हणजे दिवसभर बाई. चौथी म्हणजे चोवीस तास, आळीपाळीने दोन बायका आणि नर्सची फेरी. दर तीन महिन्यांनी एजन्सीची मुलगी येऊन तपासणार आणि लेव्हल ठरवणार. प्रसादने एकच अट घातली: ज्या दिवशी चौथी लेव्हल येईल, त्या दिवशी बंगळुरू.

बाईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, “मान्य. पण चौथी येऊ दे तर खरी.”

दुसऱ्या लेव्हलवर मंगल आली. माहेर सायखेड्याचं, नवरा अंबडच्या कारखान्यात, वय चाळीसच्या आसपास, अंगाने दणकट आणि बोलायला त्याहून. पहिल्याच दिवशी तिने “आजी, चला अंघोळीला” म्हणून बाईंचं बखोट धरलं. बाई जागच्या हलल्या नाहीत.

“आजी कुणाची? मॅडम म्हणायचं. आणि हात सोड.”

“पडसाल मंग.”

“पडले तर धर. आधीच धरलंस तर मी चालले असं कसं म्हणायचं?”

मग बाईंनी मंगलची परीक्षा घेतली. दिवाणखाना ते न्हाणीघर, बाई चालणार, मंगलने शेजारून चालायचं. पुढे नाही, मागे नाही. हात बाईंच्या कोपरापासून चार बोटांवर ठेवायचा, पण लावायचा नाही. मंगलने पहिल्या फेरीत दोनदा हात लावला. नापास. दुसऱ्या फेरीत हात नीट राहिला, पण ती बाईंच्या पायांकडे बघत राहिली आणि स्वतः दारावर आपटली. नापास. तिसऱ्या दिवशी पास झाली. मला जिन्यात भेटली तेव्हा कपाळ पुसत म्हणाली, “दादा, मी लय म्हाताऱ्या सांभाळल्या, पर ही म्हातारी मलाच सांभाळती.”

दोघींचं जमलं ते असं. मंगलला बाईंनी ‘दोन’ म्हणायला सुरुवात केली आणि मंगलला तो मान वाटायचा, कारण निकमकाका पाच होते. बाईंना वॉकर आला तर त्यावर मंगलनेच भंगारवाल्याकडून आणलेला स्कूटरचा आरसा बसवला आणि सायकलवाल्यांकडे असतो तसला रबरी फुग्याचा हॉर्न. बाई स्वयंपाकघरातून निघायच्या, दारात थांबायच्या, आरशात बघायच्या, पों करायच्या, उजवा हात बाहेर काढून वळायच्या. दुधाच्या पातेल्याशी उभी असलेली मंगल तिथून ओरडायची, “या, रस्ता मोकळा हाय!”

पहिले तीन महिने सरत आले तशा बाई गप्प होत चालल्या. मनगट बरं झालं होतं, पण पाय उतरले होते. खुर्चीतून उठताना तीन झटके लागायचे. सकाळी चक्कर यायची. हे सगळं मंगलला माहीत होतं आणि बाईंनी तिला शपथ घातली होती. तपासणीच्या चार दिवस आधी बाईंनी मला आणि निकमकाकांना बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

“तीन, पाच, इकडे या. ती मुलगी गुरुवारी येणार आहे. या अवस्थेत तिने बघितलं तर तिसरी देईल. तिसरी नंतर चौथी. मला बंगळुरूला जायचं नाही. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण तिथे मी सोफ्यावर बसायचं आणि सगळ्यांनी मला बघायचं. इथे मी सगळ्यांना बघते. मला मदत करा.”

मी उठून दाराची कडी पुन्हा एकदा बघितली. ही बाई कुणाला मदत मागत नसे. एकदा एका विद्यार्थ्याने हातावर खुणा लिहून आणल्या होत्या, तर त्याला तिने तपोवनाजवळ गाडीतून उतरवून पायी परत पाठवलं होतं. तीच आता कॉपी करायची म्हणत होती. निकमकाकांच्या डोळ्यांत मात्र निराळीच चमक आली. पाच वेळा नापास झालेल्या माणसाला कॉपीच्या युक्त्या शिकवाव्या लागत नाहीत.

मंगलने परीक्षेत काय काय विचारतात ते सांगितलं, कारण आधीच्या घरी तिने ती पाहिली होती. हात न टेकता खुर्चीतून उठायचं. दहा पावलं चालून वळून यायचं. वार, तारीख सांगायची. तीन शब्द ऐकायचे आणि पाच मिनिटांनी परत सांगायचे. निकमकाकांनी खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले, म्हणजे उठायला सोपं. ठोकळे इतके उंच की बाई बसल्या की पाय लोंबकळायचे. मी चालण्याच्या वाटेवर हाताशी येईल असं फर्निचर मांडलं. शोकेस, मग टेबल, मग शिवणयंत्र, मग फ्रीज. फ्रीज दिवाणखान्याच्या मधोमध आला, पण निकमकाका म्हणाले, आजकाल असंच असतं.

गुरुवारी श्रद्धा आली. एजन्सीची ती मुलगी, हातात टॅब, पाठीवर सॅक, चेहऱ्यावर आदर. निकमकाका गॅलरीत पडद्याआड, मी ‘सहज आलो होतो’ असा चेहरा करून सोफ्यावर. बाई त्या उंच खुर्चीवर राणीसारख्या बसलेल्या. “उठून दाखवता का?” श्रद्धाने विचारलं. बाई उठल्या नाहीत, नुसत्या पुढे घसरल्या आणि उभ्या राहिल्या. श्रद्धाने ‘बिनआधार’ असं लिहिलं. मग चालणं. शोकेस, टेबल, यंत्र, फ्रीज, प्रत्येकाला बाईंचा हात ओझरता लागत गेला. वळताना त्यांनी हात बाहेर काढून इशारा केला आणि तोच हात फ्रीजच्या दांडीला धरून त्या गरकन वळल्या. श्रद्धा हसली. “किती गोड,” म्हणाली आणि पुन्हा काहीतरी लिहिलं.

शब्द होते कांदा, घड्याळ आणि पूल. पाच मिनिटं झाली. “आठवतात?” श्रद्धाची गॅलरीकडे पाठ होती. पडदा हलला. निकमकाका बाहेर आले, हातात खरोखरचा कांदा. तो त्यांनी उंच धरला. मग मनगटावर बोट आपटलं. मग पूल. पूल कसा दाखवायचा हे त्यांनी आधी ठरवलं नसावं. पंच्याहत्तर वर्षांचा तो माणूस दोन्ही हात वर करून मागे वाकायला लागला. वाकला, आणखी वाकला आणि तिथेच अडकला.

बाईंना शब्द मुळातच पाठ होते. त्या शांतपणे म्हणाल्या, “कांदा, घड्याळ, पूल. आणि मागे गॅलरीत एक गृहस्थ अडकलेत, त्यांना आधी सरळ करा.”

निकमकाकांना सरळ करण्यात वीस मिनिटं गेली. त्या गोंधळात श्रद्धाने बाईंना पूर्ण गुण दिले. ती म्हणाली, आजूबाजूचं असं भान तिने कुठल्याच आजींमध्ये पाहिलं नव्हतं. संध्याकाळी निकाल आला: लेव्हल शून्य. मदतीची गरज नाही.

शून्य! पस्तीस वर्षांत बाईंच्या स्कूलमध्ये शून्य कुणाला मिळालं नव्हतं. आम्ही पेढे आणले. बाईंनी स्वतःच्या हाताने आम्हाला दिले. प्रसादचा फोन आला, तो इतका खूश की त्याचा आवाज पार्किंगपर्यंत येत होता. “आई, कमाल केलीस! मग त्या मंगलताईंची गरजच नाही ना आता?”

पेढा माझ्या तोंडात तसाच राहिला. आम्ही तिघांनी हा विचारच केला नव्हता. चौथी लेव्हल टाळायच्या नादात आम्ही मंगललाच घालवली होती. बाई फोनवर काही बोलू शकत नव्हत्या, कारण बोलल्या तर कॉपी उघडी पडणार आणि मग बंगळुरू. त्या “हो, हो” म्हणत राहिल्या. सोमवारपासून मंगलला एजन्सीने गंगापूर रोडला एका आजोबांकडे पाठवलं. जाताना ती रडली. बाईंनी तिला पेढा दिला आणि म्हणाल्या, “आरशात बघून जा.”

पुढचे दीड महिने आम्ही बाईंना सांभाळायचा प्रयत्न केला आणि एकेक करून नापास झालो. मी हात धरला तर “ओढतोस.” नाही धरला तर “झोपलास का?” माझ्या बायकोने त्यांना भरवायला घेतलं, तर बाईंनी चमचा हातातून काढून घेतला आणि तिलाच भरवला. निकमकाका सोबतीला बसायचे आणि स्वतःच्या कंबरेविषयी इतकं बोलायचे की बाई त्यांना उठून लेप लावून द्यायच्या. आम्ही सगळे एक तर संपूर्ण धरायचो, नाही तर संपूर्ण सोडायचो. त्या चार बोटांच्या अंतरावर कुणाला राहता येईना. बाई हे बोलल्या नाहीत, पण मंगलची सकाळी आठची वेळ झाल्यासारख्या भर दुपारी दाराकडे बघत बसायच्या.

आणि मग तो पावाचा दिवस आला.

आमच्याकडे रोज सकाळी सायकलवर पाववाला येतो, पों पों करत. त्या दिवशी साडेसातला पों पों सुरू झालं. बायको म्हणाली, जा, आठ पाव आण. मी दाढी करत होतो. पों पों चालूच. वरून निकमकाका ओरडले, “अरे, येतो रे बाबा, दम धर जरा!” पुन्हा पों पों. समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी म्हणालं, आज फारच चढलाय हा. अर्ध्या तासाने मी पिशवी घेऊन खाली उतरलो, निकमकाकाही पातेलं घेऊन उतरले, आणखी दोघं आले. आम्ही चौघं फाटकाशी उभे आणि पाववाला कुठेच नाही. आवाज मात्र येत होता, हळू हळू, थांबून थांबून.

निकमकाकांच्या हातातलं पातेलं पडलं. “बाई!” म्हणून ते धावले.

बाई न्हाणीघरात स्टुलावर बसलेल्या होत्या. पडल्या नव्हत्या, लागलं नव्हतं. नुसतं उठता येत नव्हतं. केस ओले, अंगावर टॉवेल, हातात वॉकरचा हॉर्न. माझी बायको धावत खाली आली, आत गेली, कपडे चढवले, आम्ही दोघांनी त्यांना पलंगावर आणलं. मला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती. बाईंनी आमच्या काखेतल्या रिकाम्या पिशव्या बघितल्या आणि अर्थ लागल्यावर त्यांना हसू फुटलं. हसता हसता खोकला आला.

“अर्धा तास हॉर्न देतेय,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही पाव घ्यायला आलात!” मग डोळे पुसून म्हणाल्या, “लाव फोन त्या एजन्सीच्या मुलीला. परत ये म्हणावं.”

फेरपरीक्षा ठरली. आता पेच असा होता की नापास व्हायचं, पण बेताचं. शून्य आलं तर मंगल नाही, चौथी आली तर नाशिक नाही. दुसरीचे चार तास आता पुरणार नव्हते. तिसरी हवी, नेमकी. निकमकाकांनी दोन दिवस तालीम घेतली. “खुर्चीतून उठताना एकदा अडखळा, बाई. दोनदा नको, दोनदा चौथी होईल.” तारखेत एक दिवस चुकायचं. शब्द दोन सांगायचे, तिसरा गिळायचा. मी खुणा ठरवल्या. मी कान खाजवला तर अभिनय जास्त होतोय, कमी करा. नाक खाजवलं तर वाढवा.

श्रद्धा आली. ठोकळे काढून ठेवलेले, फ्रीज जागेवर. “उठून दाखवता का?” बाईंनी जोर केला. उठल्या नाहीत. पुन्हा जोर केला. अर्ध्यावर आल्या आणि खाली बसल्या. मी कान खाजवला. त्यांनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला, हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आला. मी दोन्ही कान खाजवायला लागलो. बाईंचा अभिनय इतका उतू जाईल असं वाटलं नव्हतं.

“तीन,” बाई धापा टाकत म्हणाल्या, “कान सोड. हा अभिनय नाही.”

मग बाईंनी श्रद्धाला सगळं सांगितलं. ठोकळे, फ्रीज, कांदा, पाव. एकही गोष्ट गाळली नाही. कॉपी कुणाची म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “माझी. ही दोघं नुसती नापास मुलं आहेत.” श्रद्धाने टॅबवरचे जुने गुण खोडले आणि पुन्हा बेरीज केली. मग हळूच म्हणाली, “आजी, खरे गुण धरले तर मला चौथी लिहावी लागेल हो.”

बाईंनी आजी म्हटल्याबद्दल तिला टोकलं नाही. यावरून मला त्यांची अवस्था कळली.

“तुला गाडी येते?” त्यांनी विचारलं.

“लायसन आहे,” श्रद्धा म्हणाली. “पण चालवत नाही. भीती वाटते.”

“शिकवणारा काय करायचा?”

“तो शेजारी बसून स्टिअरिंग स्वतःच धरायचा. ब्रेकही तोच लावायचा.”

“म्हणजे त्याने तुला पहिल्या दिवसापासून चौथी लेव्हल दिली,” बाई म्हणाल्या. “म्हणून तुला लायसन मिळालं आणि गाडी आली नाही. मी पस्तीस वर्षं शेजारी बसले. पाय ब्रेकवर ठेवला, पण दाबला कधी? अगदीच आदळणार तेव्हा. मंगलला तेवढं येतं. मला तशी ती शेजारी दे. मी आदळले तर तू खुशाल चौथी लिही, मी स्वतः पिशवी भरते.”

श्रद्धाने तिसरी लिहिली. उगाच दया म्हणून नाही. न्हाणीघरात पकडायच्या दांड्या, रात्री माझ्या बायकोकडे घराची किल्ली, उशाशी विजेची घंटा, एवढं सगळं तिने लिहून घेतलं आणि प्रसादला आमच्यासमोर फोन करून सांगितलं. प्रसाद आधी चिडला, मग पावाची गोष्ट ऐकून हसला, मग बहुतेक रडला, कारण फोनवर नाक शिंकरल्याचा आवाज आला. शेवटी ‘बरं’ म्हणाला. जाताना श्रद्धा दारात वळून बाईंना म्हणाली, “आणि तो हॉर्न बदला, मॅडम.”

पुढच्या सोमवारी मंगल आली. दिवसभरासाठी. बाईंनी तिच्याकडे बघितलंही नाही. “उशीर झाला,” म्हणाल्या. घड्याळात आठला पाच कमी होते.

त्या हिवाळ्यात बाईंनी मंगलला गाडी शिकवायला घेतली. ती पांढरी गाडी अजून पार्किंगमध्ये कापडाखाली होती आणि दर रविवारी बाई ती सुरू करून घ्यायच्या. आता शिकाऊ लायसन काढलं, उशी ठेवली, आणि रविवारी सकाळी जॉगिंग ट्रॅकमागच्या मोकळ्या रस्त्यावर दोघी जाऊ लागल्या. मी त्यांना शेवटचं नीट बघितलं ते अशाच एका रविवारी. मंगलने मला हाक मारली होती. “दादा, तुमी मागं बसा. मागून काय आलं तर मला सांगा.” मला नवल वाटलं. मागचं बघायला आरसा असतो, माणूस कशाला? पण बसलो.

गाडी चालण्याच्या वेगाने निघाली. बाई डाव्या सीटवर, हात मांडीवर, नजर समोर, उजवा पाय ब्रेकच्या वर. तो पाय आता इतका बारीक झाला होता की चप्पल सैल लोंबत होती. वळणावर एक कुत्रं झोपलेलं होतं. बाईंचा गुडघा किंचित उचलला गेला आणि पाय ब्रेकवर आला. दोन सीटच्या मधून मला स्पष्ट दिसलं, ब्रेक तसूभरही दबला नव्हता. तेवढा जोरच त्या पायात उरला नव्हता. पण गाडी थांबली. अगदी अलगद, कुत्र्याच्या चार हात अलीकडे.

“बघितलंस?” बाई मला म्हणाल्या. “मी वेळेवर दाबला म्हणून.”

“तर काय,” मंगल म्हणाली. “तुमचा पाय लय जड हाय, मॅडम.”

गाडी पुन्हा निघाली. पुढे एक भाजीची गाडी आडवी आली, बाईंचा गुडघा हलला, गाडी थांबली. मग खड्डा आला, गुडघा हलला, गाडी थांबली. प्रत्येक वेळी अगदी त्याच क्षणी. मला कळेना, मंगल समोर बघतेय, तर तिला कळतं कसं? म्हणून मी वर बघितलं. मधला आरसा तिने खाली वळवून ठेवला होता. त्यात रस्ता नव्हता, मी नव्हतो. त्यात बाईंचा गुडघा होता आणि ती सैल चप्पल.

“तीन,” बाईंनी मान न वळवता विचारलं, “ही आरशात बघते का नीट? खरं सांग.”

“बघते, बाई,” मी म्हटलं. “सारखी बघते.”

“मग पास,” बाई म्हणाल्या आणि खिडकीची काच खाली केली.